देवाच्या वेळेची वाट कशी पाहावी: विश्वासात नव्याने आलेल्यांसाठी

प्रभू येशूवर नव्याने विश्वास ठेवलेल्या माणसाला सुरुवातीचे काही महिने सगळं भराभर घडतंय असं वाटतं. प्रार्थना केली आणि ताप उतरला, प्रार्थना केली आणि अडलेला कागद सुटला. मग एखादा विषय असा येतो की तो हलतच नाही. नोकरी लागत नाही, लग्न जमत नाही, मूल होत नाही, बाप्तिस्मा घेतला म्हणून घरचे बोलत नाहीत. मंडळीत कुणाजवळ मन मोकळं केलं तर उत्तर मिळतं, "देवाच्या वेळेत होईल."

वाक्य खरं आहे. पण ते ऐकून घरी आल्यावर सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून इथे पायरीपायरीने लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: धीर धरण्यातलं निम्मं शिक्षण एवढंच आहे, की देवाचं काम आपण हिसकावून घ्यायचं नाही आणि आपलं काम देवावर ढकलायचं नाही. उरलेलं निम्मं म्हणजे तोपर्यंत त्याच्याशी बोलणं चालू ठेवणं.

सुरुवात करण्याआधी: कुठे थांबायचंच नाही

काही गोष्टींत वाट पाहणं हा विश्वास नसतो. छातीत दुखतंय, गाठ लागतेय, मुलाचा ताप उतरत नाही, तर दवाखान्यात जा आणि रांगेत बसून प्रार्थना करा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौलाने त्याला तसंच म्हटलं आहे. घरात मारहाण होत असेल तर "देव नवऱ्याचं मन बदलेपर्यंत सोस" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ११२ वर किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा, सुरक्षित ठिकाणी जा, मग त्या माणसासाठी प्रार्थना करा. मन इतकं खचलंय की जगावंसं वाटत नाही, तर पाळकांना सांगाच, पण टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवरही बोला. परीक्षेचा फॉर्म, कर्जाचा हप्ता, कोर्टाची तारीख यांनाही देवाच्या वेळेचं कारण देता येत नाही.

पायरी १: कशाची वाट पाहताय ते कागदावर उतरवा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर विषय एका वाक्यात लिहा आणि खाली तीन रकाने आखा: माझं, दुसऱ्याचं, देवाचं.

समजा विषय लग्नाचा आहे. "माझं" खाली येईल: बायोडेटा नीट करणं, आईवडिलांशी स्पष्ट बोलणं, मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना सांगून ठेवणं, माझा रागीट स्वभाव. "दुसऱ्याचं" खाली: समोरच्या माणसाचा होकार किंवा नकार, दोन्ही घरांची तयारी. "देवाचं" खाली: योग्य माणूस वाटेत येणं, माझं मन स्थिर राहणं. लिहून झाल्यावर बहुतेकांच्या लक्षात येतं की आपण रात्ररात्र काळजी करतो ती दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याची, आणि पहिल्या रकान्यातली कामं तशीच पडून आहेत.

त्याच पानावर आणखी एक प्रश्न लिहा: देवाने हे मला वचन म्हणून दिलंय, की ही माझी इच्छा आहे? इच्छा असणं पाप नाही. मनात आहे ते देवाजवळ मागावं, मोकळेपणाने मागावं. पण इच्छेला वचनाचं नाव दिलं की ती पूर्ण न झाल्यावर देव खोटा ठरल्यासारखा वाटतो, आणि कितीतरी नवे विश्वासी नेमके इथेच मागे फिरतात.

यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन कॅलेंडरवर, मगवर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर सगळीकडे दिसतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. सुंदर वचन आहे. पण ते एकटं वाचू नका. तो अध्याय म्हणजे यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं पत्र आहे, ते अख्खं वाचा. ते बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि आधीच्याच वचनात देव सांगतो की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. पत्र ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना तेव्हाच कळलं असेल की आपण काही यरुशलेम पुन्हा बघत नाही. तरीही ते वचन त्यांच्यासाठी होतं. आणि त्याच पत्रात त्यांना रोजची कामं दिली आहेत: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

पायरी २: शेवटच्या तासाला घाई करू नका

या पायरीवर जरा जास्त थांबतो, कारण मोठी माणसं घसरली ती इथेच.

जुन्या करारातल्या १ शमुवेल या पुस्तकाचा तेरावा अध्याय उघडा. शौल नवा राजा आहे. तो गिलगालात आहे, आणि शमुवेल संदेष्ट्याने त्याला सांगून ठेवलंय की सात दिवस थांब, मी येऊन होमार्पण करीन आणि पुढे काय करायचं ते सांगीन. समोर पलिष्ट्यांचं अफाट सैन्य मिखमाशाला तळ देऊन बसलंय. इस्राएलाचे लोक गुहांत, झुडपांत, खडकांत, विहिरींत लपताहेत. काही तर यार्देन ओलांडून पळाले. शौलाने तीन हजार माणसं निवडली होती, त्यांतली शेवटी जवळपास सहाशे उरली. रोज सकाळी तंबूतून बाहेर यावं आणि काल होती त्यापेक्षा कमी माणसं दिसावीत, अशी ती अवस्था. सहा दिवस तो थांबला. सातवा दिवसही आला. शमुवेल आला नाही. मग शौलाने स्वतःच होमार्पण केलं. तो ते संपवतोय तोच शमुवेल आला.

शौलाने दिलेली कारणं वाचा: लोक पांगत होते, तुम्ही ठरल्या वेळी आला नाहीत, शत्रू गोळा झाला होता. तिन्ही खरी होती. आपलीही कारणं अशीच खरी असतात. वय वाढतंय, पैसे संपत आलेत, लोक विचारताहेत. म्हणून घाई पापासारखी दिसत नाही, शहाणपणासारखी दिसते. शौलाने केलं तेही काही मूर्तिपूजा नव्हती, परमेश्वरालाच अर्पण होतं. फक्त ते काम त्याच्या रकान्यातलं नव्हतं.

अब्राहामाचंही असंच झालं. पंचाहत्तराव्या वर्षी संततीचं वचन घेऊन निघाला, कनानात दहा वर्षं गेली, मूल नाही. मग त्याच्या बायकोने, सारेनेच सुचवलं की माझ्या दासीकडून संतती होऊ दे. इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा होता. इसहाक झाला तेव्हा शंभर. देवाने वचन पाळलं, पण मधल्या घाईचा भार त्या दासीने, हागारेने आणि तिच्या लेकराने वाहिला. आपल्या उतावळेपणाची किंमत बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी मोजतं, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात टोचणारं वाटतं.

मग करायचं काय? मोठा निर्णय घ्यायची घाई झाली की वहीत तीन गोष्टी तपासा. हे केल्याने मला काही लपवावं लागणार आहे का? यात कुणाचं नुकसान होणार आहे का? देवाने उद्याच सकाळी उत्तर दिलं तर आजच्या या पावलाची मला लाज वाटेल का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर थांबा, आणि त्याच दिवशी एखाद्या जाणत्या विश्वासी माणसाशी बोला.

एक खुलासा हवाच. माणसांकडे मदत मागणं म्हणजे उतावळेपणा नाही. योसेफाने तुरुंगात राजाच्या प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला, स्पष्ट सांगितलं होतं, तुझं बरं झालं की फारो राजाकडे माझा विषय काढ. तो विसरला, आणि पुढे पूर्ण दोन वर्षं गेली. पण सांगितलं म्हणून योसेफाला कुठेही दोष दिलेला नाही. तेव्हा अर्ज करा, ओळखीच्यांना सांगा, पुन्हा फोन करा.

पायरी ३: तक्रार देवाकडेच न्या

नव्या विश्वासी माणसाला वाटतं की "देवा, कुठे आहेस?" असं विचारलं तर देव रागवेल. स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र काढा. सहाच ओव्या आहेत, आणि पहिल्या दोनांतच दावीद चार वेळा विचारतो: कुठवर? देवाने हे स्तोत्र आपल्या ग्रंथात ठेवलंय ते आपण वापरावं म्हणूनच.

पद्धत अशी. दार लावून बसा. जे वाटतं ते मोठ्याने बोला, शुद्ध भाषेत नाही, घरी बोलता तसं. मग एक ठरावीक मागणी करा. "आशीर्वाद दे" असं मोघम मागू नका, काय हवं ते नाव घेऊन मागा. शेवटी देवाने याआधी केलेली एक तरी गोष्ट आठवून सांगा. १३ व्या स्तोत्राचा क्रम हाच आहे. काही दिवस शेवटच्या भागापर्यंत पोचताच येणार नाही, नुसतं रडून उठाल. चालेल.

हन्नेकडे बघा. तिला मूल नव्हतं. वर्षानुवर्षं शिलोला जायची, सवत टोचून बोलायची, जेवण घशाखाली उतरायचं नाही. एकदा मंदिरात इतकं मन ओतून प्रार्थना केली की एली याजकाला ती प्यालेली वाटली. तिने त्याला आपलं दुःख सांगितलं, त्याने तिला शांतीने जा म्हटलं. आणि मग शास्त्रात एक छोटीशी ओळ आहे: ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल तेव्हा पोटातही नव्हता. परिस्थिती सकाळी होती तशीच होती. धीर कसा दिसतो असं मला कुणी विचारलं तर मी हीच ओळ दाखवतो: बाई जेवली.

पायरी ४: रोजचा नेम

सकाळची पंधरा-वीस मिनिटं पुरेत. मोबाईल हातात घेण्याआधी एक स्तोत्र वाचा. १३, २७, ३७, ४०, ६२, १३० ही वाट पाहणाऱ्यांची स्तोत्रं आहेत, तीच आलटून पालटून वाचली तरी हरकत नाही. मग तो विषय एकदाच देवापुढे ठेवा. दिवसभरात तो डोक्यात घोळायला लागला की "सकाळी दिलाय" एवढं म्हणून हातातल्या कामाकडे वळा. रात्री वहीत दोन ओळी: आज काय घडलं, आज कशासाठी आभार मानायचे. महिन्याभराने मागची पानं चाळा.

तुमच्या मंडळीत आगमनकाळ पाळत असतील तर त्यात मनापासून सामील व्हा. नाताळाआधीचे ते चार रविवार म्हणजे अख्ख्या मंडळीने मिळून वाट पाहण्याचा सराव. तुमची मंडळी पेंटेकॉस्टल असेल आणि हे दिवस पाळत नसेल, तर प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय वाचा. यरुशलेम सोडू नका, पित्याच्या वचनाची वाट पाहा, असं प्रभूने सांगितलं; थोड्याच दिवसांत एवढंच म्हटलं, नेमके किती दिवस ते सांगितलं नाही. पवित्र आत्मा आला तो पेंटेकॉस्टच्या, म्हणजे यहुद्यांच्या एका सणाच्या दिवशी. तोवर सुमारे एकशे वीस जण एकत्र प्रार्थना करत राहिले, आणि यहूदाच्या जागी मत्थियाची निवड करण्याचं कामही त्यांनी उरकलं.

पायरी ५: हातातलं काम सोडू नका

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचं उदाहरण आहे. तो भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, आगोटीचा आणि वळवाचा पाऊस पडेपर्यंत धीर धरतो. याकोबाच्या मुलखात पहिला पाऊस पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शेवटचा दाणा भरताना, मार्च-एप्रिलात. आपल्याकडे नक्षत्रं वेगळी, पण जीव टांगणीला लागतो तो तसाच. आणि मृगाची वाट पाहणारा शेतकरी बाजेवर पडून राहत नाही. नांगरट झालेली असते, वखरणी चालू असते, बांध नीट करायचे असतात, बियाणं आणि खत घरात आणून ठेवायचं असतं. फक्त एकच गोष्ट तो करत नाही: एका सरीवर भुलून पेरत नाही. जमिनीत पुरेशी ओल नसताना पेरलं तर दुबार पेरणी कपाळी येते, आणि त्यात घर किती मागे जातं हे मराठवाड्यात, विदर्भात कुणाला सांगायला नको.

तेव्हा नोकरीची वाट पाहताय तर रोज अभ्यासाचे तास ठरवा, एखादं छोटं काम धरा, मंडळीत संडे स्कूलच्या मुलांना शिकवा. मूल होत नाही तर उपचार चालू ठेवा आणि नवराबायकोंनी एकमेकांशी बोलणं तोडू नका. घरचे बोलत नाहीत तर वाद घालू नका. सणावाराला जाऊन भेटा, आईचं दुखणंखुपणं बघा, आणि काय पटत नाही तेही शांतपणे सांगा.

या शेवटच्या बाबतीत आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळंओवळं, त्यांचा देवधर्म लगेच सुटला नाही. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने, आपल्या गतीने. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अर्धवट होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नवऱ्याच्या धर्मांतराने उन्मळून पडलेली बाई एक दिवस त्याचं ख्रिस्तावरचं काव्य पूर्ण करील, हे १८९५ साली कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तुमच्या घरी असंच होईल असं मी म्हणत नाही. पण जोडीदाराला, आईवडिलांना ओढून आणू नका, एवढं यातून नक्की घ्या.

पायरी ६: सोबती निवडा, आणि काहींपासून लांब राहा

विषय सगळ्या मंडळीला सांगायची गरज नाही. दोन माणसं पुरेत, आणि त्यांतलं एक तरी स्वतः लांबलचक वाट पाहिलेलं असावं. त्यांना आठवड्यातून एकदा भेटा, एकत्र प्रार्थना करा. उपास करणार असाल तर पाळकांना विचारून करा. मधुमेह असेल, गरोदर असाल तर उपाशी राहू नका.

लांब कुणापासून राहायचं? जो तारीख देतो त्याच्यापासून. "अमुक महिन्यात तुझं काम होणार, देवाने मला दाखवलंय" असं म्हणून जो पाकीट किंवा ऑनलाइन दान मागतो, त्याला पैसे देऊ नका. काळ आणि समय पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत, ते जाणणं तुमच्याकडे नाही, असं खुद्द प्रभूने प्रेषितांना सांगितलं. प्रेषितांना जी तारीख मिळाली नाही ती यूट्यूबवर मिळणार नाही.

"तुझा विश्वास कमी पडतोय" म्हणणाऱ्यांचंही फार मनावर घेऊ नका. लाजार आजारी असल्याचं कळूनही येशू आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला; बेथानीला पोचला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरीया, दोघींनी वेगवेगळं येऊन तेच म्हटलं: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रभूने त्यांना विश्वासाचं मोजमाप विचारलं नाही. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला.

उद्या तुमच्यासमोर कुणी रडत येईल तेव्हा हे ध्यानात असू द्या. "देवाच्या वेळेत होईल" हे वाक्य स्वतःला सांगायचं आहे. समोरच्याला आधी पाणी द्या, ऐकून घ्या, काय मदत लागेल ते विचारा.

पायरी ७: उत्तर "नाही" आलं, किंवा आलंच नाही तर

पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा एक त्रास, जावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेल असं उत्तर मिळालं. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांची नावं सांगून शेवटी म्हणतो की या सगळ्यांना वचनानुसार फलप्राप्ती झाली नाही. नव्या विश्वासी माणसाला हे सुरुवातीलाच सांगितलं पाहिजे, गोड बोलून लपवू नये.

पंडिता रमाबाईंनी केडगावला निराधार बायामुलींच्या मुक्ती सदनाचा सगळा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलाचं भाषांतर केलं. आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं त्यात गेली. छपाई तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून. १९२१ साली लेक मनोरमा गेली, जिच्यावर पुढचा सगळा भार सोपवायचा होता. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. बायबल पूर्ण छापून बाहेर आलं १९२४ साली. त्यांनी मनोरमेसाठी प्रार्थना केली नसेल का? केलीच असेल. तरी हातातले कागद त्यांनी खाली ठेवले नाहीत.

"नाही" असं उत्तर स्पष्ट झालं तर शोक करायला वेळ द्या. वहीतलं ते पान फाडू नका, तारीख घालून खाली लिहा, "हे मिळालं नाही." मग आठवडाभर नव्या मागण्या करू नका, फक्त उपासनेला जा, प्रभुभोजन घ्या, त्या दोन सोबत्यांना भेटा. उत्तरच आलं नसेल तर दर तीन महिन्यांनी रकाने पुन्हा आखा. काही गोष्टी एका रकान्यातून दुसऱ्यात सरकलेल्या असतात, आणि "माझं" खाली एखादं नवं काम आलेलं असतं.

आज सुरुवात करायची असेल तर जुन्या करारातलं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक काढा. तीनच अध्याय आहेत, अर्ध्या तासात वाचून होतात. पहिल्या अध्यायात तो देवाशी भांडतो, दुसऱ्यात बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहतो, तिसऱ्यात अंजिराला फळ नाही, द्राक्षवेलीला उपज नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी गातो. वाचताना तुमचा विषय सध्या कुठल्या अध्यायात आहे त्यावर पेन्सिलीने खूण करा, शेजारी आजची तारीख लिहा, आणि येत्या रविवारी ते पान तुमच्या सोबत्याला दाखवा.